ताडोबा: गाईड वनखात्याचाच, मग लॉजच्या स्टाफनं काय फरक पडतो?

पायवाट: फेब्रुवारीत मोहर्ली गेटनं जायचं ठरतंय. तीन रात्री, चार सफारी, बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. दोन लॉज डोळ्यांसमोर आहेत. एक आठ खोल्यांचं, स्वतःचा नॅचरॅलिस्ट (निसर्गाची माहिती देणारा जाणकार) असलेलं आणि जवळपास दुप्पट महाग. दुसरं मोठं, स्विमिंग पूलवालं. गाईड गेटवरच मिळणार असेल तर जास्तीचे पैसे नेमके कशाचे? बुकिंगआधी त्यांना काय विचारावं?

चांदागड: गाईड वनखात्याच्या यादीतून पाळीनं मिळतो, आसपासच्या गावांतलाच असतो. त्यामुळे 'आमचा खास माणूस देतो' असं कुणी म्हणालं तर ते धरून चालू नका जी.

लॉजच्या हातात उरतं ते जंगलाबाहेरचं, पण सकाळ तिथंच जमते किंवा बिघडते. परवान्यावर ज्या ओळखपत्राचा नंबर आहे तेच मूळ कार्ड गेटवर दाखवावं लागतं, झेरॉक्स नाही. चांगला मॅनेजर आदल्या रात्री जेवणाच्या वेळी सगळ्यांची कार्डं मागून परवान्याशी ताडून बघतो. जिथं हे होत नाही तिथं घोळ पहाटे गेटवर कळतो आणि कार्ड आणायला गाडी माघारी जाते. मग गेला पहिला तास. वाघ रात्री बऱ्याचदा गाडीवाटेनं चालतो. ताजी पाऊलखूण पहिल्या दोन-चार गाड्यांना दिसते, नंतर तिच्यावरून चाकं फिरलेली असतात.

आणखी दोन गोष्टी विचारा. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो; मुक्काम त्यावर येत असेल तर आगरझरी, देवाडा यांपैकी बफरचं, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याचं, कोणतं गेट ते देणार? आणि खोलीपासून गेटपर्यंत पहाटे किती मिनिटं लागतात? 'मोहर्लीजवळ' हा शब्द जाहिरातीत फार ताणला जातो.

रानपिंगळा: नॅचरॅलिस्टबद्दल. तो गाडीत बसणार असेल तर पर्यटकांच्या सहा जागांपैकी एक त्याला जाते का आणि परवान्यावर त्याचं नाव घातलंय का, हे बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या. नुसता लॉजवर बसून संध्याकाळी स्लाइड दाखवणारा असेल तर त्यासाठी दुप्पट मोजू नये, असं माझं मत.

वाघ शोधण्यात गावचा गाईड बहुधा सरस असतो, कारण कोणती वाघीण सध्या कुठल्या पाणवठ्यावर आहे हे त्याला रोजचं माहीत असतं. वाघाची चाहूल देणारे जनावरांचे आवाजही तो ओळखतो. चितळ कशालाही घाबरून ओरडतं. वानराचा 'खक्‌ खक्‌' त्याहून भरवशाचा, कारण ते झाडावरून बघत असतं. सांबराचा घोगरा 'पोंक' लागोपाठ आला की गाईड सावरून बसतो. आवाज एकाच जागेवरून थांबत-थांबत येत असेल तर जनावर बसलंय. आवाज सरकत असेल तर ते चाललंय. मग ते रस्ता कुठं ओलांडेल याचा अंदाज बांधून गाडी पुढं नेऊन उभी करायची आणि इंजिन बंद. इथं दहा-पंधरा मिनिटं गप्प बसावं लागतं. पाहुणे पाचव्या मिनिटाला 'चला पुढं' म्हणतात आणि खेळ तिथंच संपतो.

नॅचरॅलिस्टचा खरा उपयोग वाघ नसताना. गाईडला सगळं ठाऊक असतं, पण विचारल्याशिवाय तो बोलेलच असं नाही. निघतानाच सांगा: 'दादा, वाघ दिसला तर उत्तम, पण पक्षी, झाडं, अस्वलाचे नखांचे ओरखडे, सगळं दाखवा.' यानं गाडी पळवायचं दडपण उतरतं. महिला गाईडही आहेत.

भाकरतुकडा: आई-बाबांसाठी लॉजला या गोष्टी स्पष्ट सांगून ठेवा.

जिप्सीच्या मागच्या बाकाखाली चाकं येतात, दणके सगळ्यात जास्त तिथंच. दोघांना पुढच्या बाकावर बसवा. पायरी उंच असते, म्हणून चढताना लाकडी स्टूल लावायला सांगा. गाडी दारात आल्यावर शोधाशोध नको. फेब्रुवारीत उघड्या गाडीत पहाटेचा वारा बोचतो, तेव्हा माणशी एक ब्लँकेट आणि शक्यतो गरम पाण्याची पिशवी हवी. पहाटेचा चहा अर्धा कपच द्या, कारण आत वाटेल तिथं उतरता येत नाही.

स्वयंपाकघराचं वेळापत्रक विचाराच. सकाळची फेरी संपवून परतायला साडेदहा-अकरा होतात आणि दुपारच्या फेरीला जेमतेम दोन-अडीच तासांत पुन्हा निघायचं असतं. एक वाजता बुफे मांडणाऱ्या ठिकाणी माणूस एक तर उपाशी निघतो किंवा तुडुंब खाऊन गाडीत पेंगतो. अकरा-साडेअकराला ज्वारीची भाकरी, पातळ वरण, भात असं साधं जेवण मिळालं की मधे तासभर पाठ टेकता येते. तेलतर्री रात्रीसाठी ठेवा.

अंधार पडल्यावर खोलीपासून जेवणघरापर्यंत कुणी टॉर्च घेऊन सोबत येतं का? मण्यार, घोणस या भागात आहेत. बूट बाहेर ठेवले तर झटकून घाला. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून ठेवायला सांगा.

पायवाट: लहान लॉजकडेच कल होतोय. टिपचं काय करायचं? वाघ दिसला तर जास्त, असं असतं का?

रानपिंगळा: तसं अजिबात करू नका. वाघावर बक्षीस लावलं की गाड्या पळतात, एकमेकींना आडव्या येतात आणि जनावराची वाट अडते. गाईडची फी ठरलेली असते. वर 200-300 रुपये द्यायचे तर चारही फेऱ्यांना सारखेच, चालकाला वेगळे. लॉजच्या स्टाफसाठीची टिप शेवटच्या दिवशी तिथल्या पेटीत टाका, म्हणजे पहाटे उठून डबा भरणाऱ्यालाही वाटा मिळतो. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, तेव्हा हे सुटे पैसे रोख बरोबर ठेवा.