घराखाली कॅम्परचं काम करू देत नाहीत, मग बेळगावात ते करायचं कुठं?

टिळकवाडीकर
जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली, त्याला आता दोन वर्षं होतील. आरसीवर बदलाची रीतसर नोंद आहे. आत दोन जणांची झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि छतावर सोलर. छतावरच्या हवेच्या झडपेसकट उंची टेपनं मोजली तर पावणेनऊ फूट भरते. अपार्टमेंटच्या खालच्या पार्किंगमध्ये ती जात नाही, म्हणून इतके दिवस बाजूच्या मोकळ्या पट्टीत उभी करत होतो. आता असोसिएशननं नोटीस लावलीय: आवारात गाडीचं कसलंही काम करायचं नाही आणि मेअखेर ही गाडी हलवायची.

अडचण अशी की काम थांबण्यासारखं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये चोर्ला घाटातून उतरून गोव्याला जाऊन आलो. घरी आल्यावर झडपेशेजारच्या प्लायवर अंगठा दाबला तर तो निम्मा आत गेला. वरून रंग ठीक दिसत होता, आत लाकडाचा भुगा झाला होता. जुना सिलंट खरवडायचा, प्लाय कापून नवा बसवायचा, ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून परत सिलंट भरायचा आणि किमान एक दिवस कोरडं ठेवायचं. हे सगळं पाऊस लागायच्या आत व्हायला हवं. वळवाचा एक दणका होऊनही गेला.

माझं मत ठाम आहे. ही गाडी निम्मी गाडी आणि निम्मं घर असते, तिची देखभाल मालकानंच करावी. त्याला शेताइतकी चांगली जागा नाही. वडगाव आणि येळ्ळूरच्या मधे मामांचं शेत आहे. तिथं खळ्याशेजारी गाडी लावून छत, ऑइल, ग्रीसिंग, ब्रेक सगळं एकदमच उरकायचं म्हणतोय. कुणाला यात चूक दिसत असेल तर सांगा.

येळ्ळूर शिवार
चूक आहे आणि मोठी आहे. तुमच्या मामांचं शेत ज्या पट्ट्यात आहे, तिथंच आमचंही भात आहे. बळ्ळारी नाला भरला की पाणी मागं फुगतं आणि बांधावर जे काही पडलेलं असेल ते वाफ्यात येतं. बासमतीचं रोप आठवडाभर पाण्याखाली कुजताना आम्ही बघितलंय. त्यात आता ऑइलचा तवंग नको.

जळकं ऑइल म्हणजे नुसती घाण नव्हे. केंद्राच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरलंय, परवाना असलेल्या रिसायकलरकडेच ते गेलं पाहिजे. तुम्ही डबा लावाल, मान्य. पण फिल्टर काढताना जे हातावरून ओघळतं ते कुठं जातं? वर तुमच्या ओट्याचं साबणाचं पाणी आणि संडासची टाकी. ती कुठं रिकामी करणार, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. शेत म्हणजे शहरातल्या माणसाची मोकळी जागा नव्हे, आमची जमीन आहे ती.

उद्यमबाग मिस्त्री
मी वीस वर्षं याच धंद्यात आहे. छताचं तुम्ही करा, ते तुम्हालाच चांगलं जमेल. पण ऑइल आणि ब्रेक शेतात? अजिबात नको. त्या शिवारातली माती काळी. एक सर पडून गेली की वरून सुकलेली दिसते आणि खाली लोण्यासारखी असते. जॅकचा पाया त्यात हळूहळू बसतो, कळत नाही. गाडी पेलायला खाली लोखंडी घोडी लावलीत तरी तीसुद्धा रुतते. एवढ्या वजनाच्या गाडीखाली माणूस निजलेला असताना चाक चार बोटं जरी सरकलं तरी काय होईल, ते मी लिहीत नाही.

गॅरेजात खड्डा असतो, पक्की जमीन असते, ऑइलचं पिंप असतं. उद्यमबागेत नाहीतर ऑटोनगरात कुणाशीही आधी बोला: एक दिवस खड्डा द्या, मी शेजारी थांबतो. बरेच जण देतात.

टिळकवाडीकर
मिस्त्री, मातीचं पटलं, एवढा विचार मी केला नव्हता. पण गॅरेजवरचा माझा विश्वास का उडाला तेही ऐका. गेल्या वर्षी एका ठिकाणी दोन दिवसांसाठी गाडी दिली, ती अकराव्या दिवशी हातात आली. सीटखालून नळी न्यायला जागा हवी म्हणून सोलरची वायर मधेच तोडून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. मला सांगितलंसुद्धा नाही. त्या वायरनं वाटेत पेट घेतला असता तर?

उद्यमबाग मिस्त्री
ते वाईटच केलं त्यांनी. म्हणूनच तर म्हणतो, शेजारी थांबा. आतल्या वायरिंगचा नकाशा कागदावर काढून दारावर आतून चिकटवा. आमच्यातल्या पोरांना बारा व्होल्टची घरची वायरिंग कळत नाही, त्यांनी ती कधी बघितलेलीच नसते.

पहिल्या मजल्यावरची
दादा, सगळे तुमच्या गाडीचंच बोलताहेत, म्हणून मी नोटिशीच्या बाजूनं लिहिते. आमच्याही इमारतीत एक मोठी गाडी अशीच बाजूच्या पट्टीत असायची. सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं आणि अ‍ॅम्ब्युलन्स फाटकातच अडकली. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून बाहेर नेलं. ती पंधरा मिनिटं मी विसरू शकत नाही.

तुमच्या गाडीत गॅसची शेगडी असेल, तर नळीची तपासणी आमच्या खिडकीखाली होणार. ग्राइंडर चालणार, थिनरचा वास वर येणार. कर्नाटकाच्या १९७२ च्या अपार्टमेंट कायद्यानं उपविधी पाळणं प्रत्येक फ्लॅटमालकावर बंधनकारक आहे आणि ते बरोबरच आहे. मोकळी पट्टी सगळ्यांची असते.

वडगावचा
आमच्याकडं बंद पडलेल्या मागांच्या शेड बऱ्याच आहेत. पक्की फरशी, वर पत्रा, वीज आहे. मालक महिन्याच्या भाड्यानं देतील. फक्त दाराची उंची आधी बघा. पावणेनऊ फूट म्हटल्यावर निम्म्या शेड तिथंच बाद होतात.

शिनोळी फाटा
एवढी दगदग कशाला? वेंगुर्ला रस्त्यानं या, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की शिनोळी. औद्योगिक वसाहतीत उंच दाराच्या शेड आहेत. पावसाळाभर गाडी तिथंच ठेवा आणि जमेल तसं काम करा. नंबर केए-२२, म्हणजे बेळगावचा असला तरी बारा महिन्यांच्या आत परत नेली तर नोंदणी बदलायची भानगड नाही.

खानापूर रोड
शिनोळीकर, कायद्याचं बरोबर आहे, पण मला हे पटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरून वातावरण तापलं तेव्हा दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या होत्या. आपली गाडी पलीकडं अडकून पडली तर? आपण इथली माणसं, आपल्याला हे अनुभवानं माहीत आहे.

दुसरं म्हणजे, उभी गाडीच जास्त बिघडते. लेड-अ‍ॅसिडची बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ वर आली म्हणजे पाव-एक चार्ज राहिला. तशीच महिनाभर ठेवलीत तर प्लेटांवर सल्फेट धरतं, मग चार्जर लावूनही ती उठत नाही. भाताच्या दिवसांत उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. आठवड्यातून एकदा तरी मालकाचा हात गाडीवर फिरला पाहिजे. जागा घरापासून दुचाकीनं जाता येईल एवढ्या अंतरावरच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

टिळकवाडीकर
सगळ्यांचं वाचलं. ताई, अ‍ॅम्ब्युलन्सचं वाचून खरंच वाईट वाटलं. गाडी या रविवारीच आवारातून काढतो, मेअखेरची वाट बघत नाही. आमच्या फाटकातून अ‍ॅम्ब्युलन्स कशी वळेल, हे मी कधी मोजून बघितलंच नव्हतं.

ऑइल, ब्रेक, ग्रीसिंग उद्यमबागेत, मी शेजारी उभा राहून. संडासची टाकी शेतात कधीच उघडणार नाही, ती घरच्या संडासातच रिकामी करतो, आजवर तेच केलंय. वडगावात उद्या दोन शेड बघायला जातोय, टेप घेऊन. पण शेड मिळाली नाही तर छताचं काम मामांच्या खळ्यावरच करणार, यावर मी ठाम आहे. त्यात ऑइलचा थेंब नाही. खरवडलेला सिलंट ताडपत्रीवर पडेल, तो गोळा करून परत आणीन.

येळ्ळूर शिवार
ताडपत्री गाडीच्या चारी बाजूंना हातभर बाहेर येईल एवढी मोठी घ्या. तरीही माझं मत बदललेलं नाही. आज तुम्ही जपून कराल, उद्या तुमचं बघून दुसरा येईल आणि तो डबासुद्धा लावणार नाही. आधी शेड बघा. दोन्ही बाद झाल्या तर मला सांगा, रस्त्याकडेला आमच्या भावकीतल्या एकाची भाताची गिरण आहे. तिचं अंगण फरशीचं आहे आणि मे महिन्यात रिकामंच असतं. मी बोलून बघतो.