‘त्याला काय कळतंय?’ कालच्या पोस्टवरून

शहापूरची माई
काल इथं एका काकांनी लिहिलं, “तीन महिन्यांपर्यंत बाळ म्हणजे दूध पिणारा गोळा. त्याला कसलीच जाणीव नसते. बायका उगीच त्याच्याशी गप्पा मारत बसतात.” त्यावर धडाधड अंगठे. मला झोप आली नाही, म्हणून लिहिते.

माझी लेक ३०व्या आठवड्यात झाली. सव्वा किलोची. ३२ दिवस काचेच्या पेटीत होती. रोज टाचेला सुई टोचून रक्त घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, ओला कापूस टाचेला लागला रे लागला की ही पाय पोटाशी घेते, तोंड वाकडं करते. सुई अजून ट्रेमध्येच असायची. सिस्टरना म्हटलं, तिला कळतंय हो. त्या म्हणाल्या, “अक्का, त्याला काय कळतंय?”

मोठमोठे सर्जनही हेच म्हणायचे. १९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांची ऑपरेशनं बऱ्याचदा पुरेशी भूल न देता, नुसतं अंग हलू नये एवढं औषध देऊन व्हायची. भारतात डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि मागाहूनचे त्रासही कमी होतात. तोवर ‘गोळा’च होते सगळे.

खानापूरचे मास्तर
तो काका मीच. जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे रडारडीला घाबरत नाही. तव्याला बोट लागलं की हात मागे येतो, ते काम मज्जारज्जूचं. मेंदूला वर्दी नंतर जाते. लाजाळूला हात लावा, पानं मिटतात. तिलाही भूल द्यायची का?

थॅलॅमसकडून (शरीरातल्या संवेदना वर पाठवणारा मेंदूतला भाग) येणारे तंतू मेंदूच्या वरच्या थरात गर्भाच्या साधारण २४व्या आठवड्यापासून पोचू लागतात, हे मलाही माहीत आहे. पण घरात वायरिंग झालं म्हणजे दिवे लागले असं नव्हे.

निपाणीकर
मास्तर, आमच्याकडं वायरिंग होऊन दीड वर्ष झालं, मीटर अजून नाही. त्यावर लिवा की कायतरी.

शहापूरची माई
मास्तर, लाजाळू कापूस बघून मिटत नाही. हात लागल्यावरच मिटते. माझी लेक *पुढं* काय येणार त्याला घाबरत होती. ह्याला तुमच्या मज्जारज्जूत कुठं जागा आहे तेवढं सांगा.

येळ्ळूरची आज्जी
एवढं शिकूनशान वाद घालूल्यासा! अभिमन्यूनं पोटात ऐकलं ते काय उगाच? पोर झोपेत हसतं तवा सटवाई खेळवत असते त्याला. पाचवीला कोरा कागद नि लेखणी कशाला ठेवतो आम्ही?

खानापूरचे मास्तर
झालं. आता सटवाईचा ईसीजी काढा.

वडगावकर
पोटात ऐकतंय हे मान्य असेल तर माझा प्रश्न. आमच्या भावाची सून धारवाडकडची. दिवसभर बाळाशी कन्नड. भाऊ दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिवस पाळतो, फेरीत पुढं असतो, आणि घरात पाळण्यावर “जो जो कंदा”! मेंदू घडायच्या वयातच पोर हातचं गेलं की.

धारवाडची सून (दुसऱ्या घरची, पण लागलंच)
भावजी, तुमच्या भावाच्या घरात रात्री दोन वाजता उठतं कोण? ती उठते ना? मग ज्या भाषेत झोप येते त्या भाषेत ती गाणार.

आणि मेंदूचंच बोलायचं तर ऐका. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट वेगळा ऐकू येतो, आणि वर्षाची होईपर्यंत तो कान जातो. जे ऐकतो ते टिकतं. माझ्या पोराला कन्नडचा ऱ्हस्व ए-दीर्घ ए कळेल, आणि मराठीतला ‘चमचा’ही नीट म्हणेल. तुमचं काय गेलं?

वडगावकर
भाषा गेली, अजून काय जायचं? आमची पोरं शाळेत, बँकेत, बसच्या पाटीवर कन्नडच बघूलालीत. घर तेवढं उरलंय.

निपाणीकर
२००९ साली जर्मनीत कुणीतरी तपासलं म्हणे, फ्रेंच बाळं रडताना सूर चढवतात नि जर्मन बाळं उतरवतात, दोन ते पाच दिवसांची असताना. म्हणजे आमच्यातलं पोर टँहॅ करताना पण सीमाप्रश्न!

धारवाडची सून
हसा. तुम्हाला ‘नीरु’ म्हटलं तरी कळतं, ‘पाणी’ म्हटलं तरी. मग पोरालाच का एक भाषा?

वडगावकर
सुनांनी आम्हाला शिकवू नये.

शहापूरची माई
वडगावकर, सांभाळून. मीही कुणाची तरी सूनच आहे. आणि माझा विषय होता सुई, तो कुठं नेऊन ठेवलात?

खानापूरचे मास्तर
सुईकडेच येतो. रात्री पुन्हा वाचलं. २०१३ साली पॅरिसच्या सिद कुइदेर यांनी बाळांना क्षणभरच चेहरे दाखवून मेंदूच्या लहरी मोजल्या. मोठ्या माणसाला ‘दिसलं’ असं जाणवतं तेव्हा जी उशिराची लहर उठते, तशी त्यांना पाच महिन्यांच्या बाळांतही दिसली, पण दुबळी आणि बरीच रेंगाळत. तेव्हा माझे ‘तीन महिने’ काही दगडावरची रेघ नव्हेत. कापसाचंही, ठीक आहे, ते शिकणं आहे. शिकणं म्हणजे जाणीव, हे मात्र मी लिहून देणार नाही. ‘गोळा’ शब्द मागे घेतो. खूश?

शहापूरची माई
अर्धी.

वडगावकर
भावाकडं जाऊन आलो आत्ता. पोर नऊ महिन्यांचं, पहिल्यांदा बोललं: “अज्जी.” इकडची आज्जी म्हणते मला हाक मारली, ‘आज्जी’ म्हणाला. धारवाडची आज्जी फोनवर म्हणते कन्नडातलं ‘अज्जी’च म्हणाला, मलाच. दोघी अजून भांडूलाल्यात.

येळ्ळूरची आज्जी
मलाच म्हणालं असंल.