निवडणूक धनिकशाहीची आणि सोडत लोकशाहीची: ॲरिस्टॉटलच्या या विधानाचा अर्थ कसा लावावा?

पायवाट:
अधिकारपदे सोडतीने देणे ही लोकशाहीची रीत मानली जाते आणि निवडणुकीने देणे ही धनिकशाहीची, असे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात म्हणतो. ही केवळ तत्कालीन प्रथेची नोंद आहे, की त्याच्या न्यायविचाराशी तिचा संबंध आहे?

जुनीवही:
संबंध आहे, आणि तो त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सापडतो. न्याय म्हणजे समानता, हे सर्वांनाच मान्य असते; वाद असतो तो समानता कशावरून मोजायची यावर. आपण सारे सारखेच स्वतंत्र नागरिक आहोत, म्हणून सर्वच बाबतींत समान आहोत, असे लोकशाहीवादी मानतात. आपली संपत्ती अधिक, म्हणून सर्वच बाबतींत आपला अधिकार अधिक, असे धनिक मानतात. ॲरिस्टॉटलच्या मते दोघांकडेही न्यायाचा अंशच आहे. त्याचा दाखला बासरीचा आहे: उत्तम बासरी कुलीन किंवा देखण्या माणसाला नव्हे, तर उत्तम वाजवणाऱ्याला मिळावी. निवड करायची म्हटले की माणसामाणसांत फरक आहे हे आधीच गृहीत धरले जाते. सोडत तो फरक विचारातच घेत नाही.

उंबरठा:
प्रथेची बाजूही पाहावी. अथेन्समधील पाचशेंचे मंडळ (नगराचा दैनंदिन कारभार पाहणारी सभा) 30 वर्षांवरील नागरिकांतून सोडतीने भरले जाई. इ.स.पू. चौथ्या शतकात न्यायसभेच्या, म्हणजे खटल्यांचा निवाडा करणाऱ्या नागरिकांच्या, सोडतीसाठी खाचा असलेला फलक वापरत. नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या त्या खाचांत बसवत आणि नळीतून पडणाऱ्या काळ्या-पांढऱ्या गोट्यांवरून कोणती ओळ निवडली गेली हे ठरे. दहा सेनापती मात्र मतदानानेच निवडले जात. युद्ध नशिबावर सोडण्याइतके अथेनियन भाबडे नव्हते. अर्थात ही समानता स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी यांना वगळूनच होती. उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा गावचा ॲरिस्टॉटल स्वतःही त्या परक्यांतलाच.

जुनीवही:
लोकशाही समानांना आणि असमानांना सारखीच समानता वाटते, हा प्लेटोचा ‘रिपब्लिक’च्या आठव्या भागातील टोमणा याच सोडतीच्या चर्चेजवळ येतो. ॲरिस्टॉटल मात्र टोमण्यावर थांबत नाही. तो मिश्र राज्यव्यवस्था सुचवतो, जिच्यात निवडणूक धनिकशाहीकडून घ्यायची आणि मालमत्तेची अट नसणे हे लोकशाहीकडून. माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर याच जोडणीत आहे, कारण आज आपण जिला लोकशाही म्हणतो ती त्याने बहुधा याच मिश्र प्रकारात घातली असती.