मदत हवी आहे: फायबरची बोट रडारवर दिसावी म्हणून काय लावू?

मंडळी, माझी ८ मीटरची फायबरग्लासची बोट आहे आणि परवा धुक्यात एक मालवाहू जहाज इतकं जवळून गेलं की त्याच्या इंजिनाची धडधड पायाखालच्या फळीत जाणवत होती, नंतर व्हीएचएफ रेडिओवर विचारलं तर म्हणाले रडारवर तुम्ही दिसलाच नाहीत! तेव्हापासून झोप उडालीय. फायबरमधून रडारच्या लहरी बऱ्याचशा आरपार जातात हे माहीत होतं, पण वाटायचं इंजिनाचं एवढं लोखंड आहे, काहीतरी उमटेलच, पण ते सगळं पडलं पाण्यालगत, लाटांच्या आड.

सध्या डोलकाठीला बारीक नळीवाला रिफ्लेक्टर (रडारच्या लहरी परत फेकणारा) आहे, बोट कलली की तो फारसा उपयोगाचा राहत नाही म्हणतात. म्हणून अष्टफलकी घ्यावा म्हणतोय, तोच तो, ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांत काटकोनात बसवलेला, एक खिसा आभाळाकडे, म्हणजे पावसाचं पाणी साचेल असा टांगायचा. बाजू दुप्पट केली तर परावर्तन १६ पट होतं, त्यामुळे मोठाच घ्यावासा वाटतो, पण वरती वजन आणि वारा किती झेपेल?

दुसरा पर्याय ॲक्टिव्हवाला, आलेली लहर वाढवून परत पाठवणारा. पण त्यातले बरेच फक्त ३ सेंमी लांबीच्या लहरींच्या एक्स-बँड रडारवर चालतात, जहाजाने १० सेंमीचा एस-बँड लावला असेल तर? शिवाय बॅटरी संपली की खेळ खलास.

कोणी दोन्ही वापरलेत का? आणि दुसऱ्या बोटीच्या रडारवर स्वतःची बोट कशी उमटते ते तपासलंय का कोणी? प्लीज सविस्तर सांगा.