अकरावीला मॅथ्स: गरज की नुसती हौस?

निफाडचा बागायतदार: पोरगी अकरावीला मॅथ्स घेते म्हणतेय. मी बारावीला वर्षभर इंटिग्रेशन घोटलं, बागेत एकदाही कामी आलं नाही. द्राक्षाचे घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवायचं संजीवक) पाण्यात बुडवायचे, ४० पीपीएम म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम, २०० लिटरला ८ ग्रॅम. त्रैराशिकात खेळ खलास. दोन वर्षं कशाला जाळायची?

अंबडचा टर्नर: दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही. दादा, तुमचं भागलं म्हणून सगळ्यांचं भागत नाही. परवा नव्या पोराला लेथवर टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा दांडा, करायला दिला. एका टोकाला व्यास ४० एमएम, दुसऱ्या टोकाला ३०, लांबी ५०. फरकाचं निम्मं ५, भागिले ५०, टॅन ०.१, कोन ५.७ अंश. पठ्ठ्याने निम्मं केलंच नाही, ११.३ वर लेथची स्लाइड (हत्यार धरणारा भाग) फिरवली. दोन जॉब भंगारात.

निफाडचा बागायतदार: टॅन दहावीच्या भूमितीत आहे, साहेब. माझंच म्हणणं सिद्ध केलंत. धन्यवाद.

देवळाली कॅम्प: आमच्या देवळालीत गणिती कापरेकर सर १९३० ते १९६२ शाळेत शिकवत होते. एम.ए. नाही, काही नाही, तरी त्यांनी शोधलेला ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' जगभर गाजला. आवड लागते, अकरावी नाही.

गंगापूर रोडची आई: आवड? इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीला ९० मिनिटांत ५० गणितं! क्लासवाले ऑप्शन टाकून उत्तर काढायला शिकवतात. लेकाला विचारलं, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय रे? म्हणे, "पॉवर पुढे घ्यायची, एक कमी करायची." यासाठी लाखभर फी, आणि कॉलेजात नुसतं नाव.

क्लासवाला: ताई, ऑप्शन टाकायला शिकवलं नाही तर तुम्हीच दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्लासला जाता.

गंगापूर रोडची आई: म्हणजे चूक आमचीच! पावती मागितली की मात्र सर मीटिंगमध्ये असतात.

क्लासवाला: मी पावती देतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

अंबडचा टर्नर: फीचं भांडण दुसरीकडे करा हो. टॅन दहावीचा, मान्य. पण दादा, शेततळं आहे ना तुमचं? वर ३० बाय ३० मीटर, तळाला २० बाय २०, खोली ५, असं धरा. पाणी निम्म्या खोलीवर आलं तर उरलं किती?

निफाडचा बागायतदार: निम्म्याला थोडं कमी.

अंबडचा टर्नर: थोडं? ४० टक्के. बाजू उताराच्या आहेत. थरावर थर मांडून बेरीज करा, तेच तुमचं घोटलेलं इंटिग्रेशन.

निफाडचा बागायतदार: ...तरीच. गेल्या साली काठी घालून बघितली, अर्धं आहे म्हणून मे निघेल धरलं, अन् एप्रिलातच टँकर. बरं, घेऊ दे पोरीला मॅथ्स. क्लासची फी तेवढी तुम्ही भरा.