'बाय लीप्स अँड बाउंड्स' कुठे लिहायचं?

कलमवाली, देवगड
आमच्या बचत गटाच्या हापूसचं इंग्रजी माहितीपत्रक छापायला द्यायचंय. त्यात वाक्य आहे: 'अवर यील्ड हॅज इम्प्रूव्ह्ड विथ लीप अँड बाउंड धिस इयर.' भाऊ म्हणतो, 'क्वांटम लीप' घाल, वजनदार वाटतं. बरोबर कुठलं?

सड्यावरचा
'विथ' नको, 'बाय' हवं. दोन्ही शब्द अनेकवचनी. ब्रिटिश लोक 'इन लीप्स अँड बाउंड्स'ही लिहितात.

मालवणी मास्तर
व्याकरण वर आलंच, पण मला खटकतंय ते 'धिस इयर'. हापूस आड वर्षाने भरभरून लागतो, हे बागवाल्यांना मी काय सांगू! गेल्या साली मोहोर कमी आणि यंदा झाड लगडलं, तर ती सुधारणा नव्हे, झाडाचा स्वभाव. 'बाय लीप्स अँड बाउंड्स' म्हणजे वाढ चालू आहे आणि भराभर चालू आहे. म्हणून ते ग्रो, इम्प्रूव्ह, प्रोग्रेस अशा क्रियापदांबरोबर बसतं. आणि त्याला टक्केवारी जोडू नका. आकडा असेल तर सरळ आकडाच द्या, तो जास्त पटतो.

'क्वांटम लीप' हे नाम, त्यापुढे 'इन' येतं. अणूतला इलेक्ट्रॉन एका पातळीवरून थेट दुसरीवर जातो, त्यावरून ते आलं. म्हणजे एकाच झेपेत सगळं बदललं पाहिजे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तिथे ते शोभेल. आंब्याच्या पेट्यांना नको.

कलमवाली, देवगड
सर, पण आमचं नुसतं आड वर्षाचं नाही. जुनी, उंच गेलेली कलमं आम्ही छाटून घेतली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं फळ जवळजवळ नव्हतंच, सासरे फार चिडले होते. आता वर्षागणिक पेट्या वाढतायत.

मालवणी मास्तर
मग बिनधास्त लिहा! आणि कारणही लिहा, ते वाचूनच गिऱ्हाईकाचा विश्वास बसेल. फक्त छाटल्यापासून वाढ झाली असं नको, मधली रिकामी वर्षं खोटी ठरतील. असं करा: 'सिन्स अवर प्रून्ड ट्रीज बिगॅन टू बेअर अगेन, द यील्ड हॅज ग्रोन बाय लीप्स अँड बाउंड्स.' सुरुवातीला 'सिन्स' असल्यामुळे 'हॅज ग्रोन'च ठेवा, नुसतं 'ग्र्यू' करू नका.

कलमवाली, देवगड
हेच घालते. सासऱ्यांनाही वाचून दाखवते.