शब्दचर्चा: खडखड, खुळखुळ, कुरकुर, धप्प (जुन्या गाडीच्या आवाजांना काय म्हणायचं?)

पर्वरीहून विचारतेय

घरात 2009 सालची हॅचबॅक आहे. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. हल्ली पुढच्या बाजूने आवाज येतो. गॅरेजमध्ये गेलं की "आवाज येतो" एवढं सांगून भागत नाही, लगेच "कसला?" म्हणून विचारतात आणि तिथे माझं मराठी संपतं. मी खडखड म्हणते. बाबांचं म्हणणं, ही खडखड नव्हे, खुळखुळ. आई मागच्या सीटवरून सांगते की कुरकुर आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? की प्रत्येकाचा अर्थ खरंच वेगळा? गाडी सकाळी सोडून कामावर जायचं असतं, त्यामुळे चिठ्ठी लिहून द्यावी लागते. त्यात नेमकं काय लिहू?

डिचोलीचे मास्तर

एकमेकांच्या जागी मुळीच चालत नाहीत.

खडखड म्हणजे कठीण वस्तू कठीण वस्तूवर सैलपणे, पुन्हा पुन्हा आदळते तो आवाज. दाराची सैल कडी, रिकामं टिपाड, पत्र्याची पेटी. खुळखुळ म्हटलं की पोकळीत काहीतरी सुटं हलतंय असं ऐकणाऱ्याला वाटतं: डब्यातले चिंचोके, खिशातली नाणी. कुरकुरीत आदळणं नाहीच, घासणं आहे. नवी चप्पल, झोपाळ्याची कडी, तेल न घातलेली बिजागरी. म्हणजे तुम्ही तिघं भांडताय असं वाटत असलं तरी कदाचित तिघांनाही वेगवेगळं ऐकू येतंय आणि गाडीत एकाहून जास्त आवाज आहेत.

दुसरं म्हणजे, आवाज एकदाच होतो की चालू राहतो हे मराठीत शब्दाच्या घडणीतच येतं. खट्, खटकन, धप्प, धाडकन हे एकदाच. द्विरुक्ती झाली की आवाज सारखा चाललेला: खटखट, धडधड, ठकठक. "आट" लागला की त्याची मात्रा वाढली. रस्त्यात चार ठिकाणी खडखड झाली तर खडखडाट म्हणू नका, मेकॅनिक बिचारा अख्खी गाडी उघडून बसेल.

ट आणि ड आले की बहुधा आदळणं, शेवटी र आला की बहुधा घासणं किंवा फिरणं: कुरकुर, करकर, घरघर, चरचर. नियम म्हणून घेऊ नका, तुमच्या बाबांची खुळखुळ त्यात बसत नाही.

लिंग: ती खडखड, ती कुरकुर, ती घरघर, पण तो खटका, तो खडखडाट. क्रियापद मात्र साधं "वाजणे" वापरा. "पुढचं डावं चाक वाजतं" हे अस्सल मराठी. "चाकामधून ध्वनी निर्माण होतो" असं कोणी बोलत नाही.

(खडखडीत बरा झालेला माणूस आणि तिजोरीतला खडखडाट हे एकाच घरातले. गाडी जुनी झाली की पहिला अर्थ सुटतो आणि दुसरा खिशाला लागू होतो.)

फोंड्याचा गॅरेजवाला

मास्तर, शब्द बरोबर. पण गिऱ्हाईक "खडखड" म्हणालं म्हणून मी काही उघडत नाही. कसला आवाज, त्याच्याआधी मी कधी आवाज ते विचारतो. "कधी" नसेल तर चिठ्ठीचा अर्धा उपयोग गेला.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हाकताना कटकट, कटकट येत असेल तर ते सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी जोडणी) नव्हे, ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. गाडी जागेवर उभी, नुसतं स्टिअरिंग फिरवलं आणि पुढून टण्ण किंवा खट् झालं तर शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग बघायचं. स्प्रिंग अडकते नि एकदम सुटते, त्याचा तो आवाज. ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना एकदाच धप्प होत असेल तर लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, बुश (सांध्यातलं रबर) बघतो. वेग वाढेल तशी वाढणारी घूंऽऽ ही बेअरिंगची किंवा टायरची. टायर झिजून दातेरी झाला की अगदी तसाच बोलतो. हमरस्त्यावर गाडी हळूच उजवीकडे वळवा. घूं वाढली तर डाव्या बाजूचं बेअरिंग, कारण वजन डावीकडे पडतं. लोक उलटं समजतात.

आणि माझ्याकडे येण्याआधी डिकी उघडून बघा. जॅक, पाना, स्टेपनीचा बोल्ट, नारळ. सैल जॅक हुबेहूब सस्पेन्शनसारखा वाजतो. बाबा म्हणतात ती खुळखुळ तिथली असू शकते, नाहीतर सायलेन्सरवरचा पत्रा सैल झाला असेल.

गोंयात अजून एक भानगड. माझ्याकडे निम्मे लोक कोंकणीत सांगतात, "दाव्या वटेन आवाज येता". दावें म्हणजे डावं. बाहेरून आलेला एक पोरगा माझ्याकडे कामाला होता, तो हे "दाबलं की आवाज येतो" असं समजायचा आणि बॉनेट दाबत बसायचा. दाबून बघणं चुकीचं नाही म्हणा, पण आधी बाजू कळली पाहिजे.

काणकोणात आलेला कोल्हापूरकर

आमच्याकडं आवाजापेक्षा अंगाला काय लागलं ते सांगायची पद्धत. गचका, हिसका, दणका, हादरा. हे शब्द चालतील का गॅरेजात? आणि तुमच्या गोव्यात फेरीबोटीच्या जागेला "धक्का" म्हणतात, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं तिथला रस्ता खराब आहे.

डिचोलीचे मास्तर

चालतील, पण ते आवाजाचे शब्द नव्हेत, अंगाला जाणवणाऱ्या हालचालीचे आहेत. हिसका पुढे-मागे किंवा आडवा बसतो. गचका म्हणजे वाहन चालता चालता अडखळतं तो. दणका खालून वर. हादरा सगळ्या सांगाड्याला, आणि तो आवाजाशिवायही बसू शकतो. धक्का सगळ्यांत ढोबळ, म्हणून चिठ्ठीत सगळ्यांत निरुपयोगी.

फोंड्याचा गॅरेजवाला

मला उपयोगी आहेत. गचका म्हणालात तर मी क्लच, इंजिनाचं माउंटिंग, पेट्रोलची लाइन बघणार, शॉकअपला हात लावणार नाही. दणका म्हटलंत तर शॉकअपमधून तेल सुटलंय का ते आधी. शॉकअप गेलेला असला की खड्ड्यात गाडी तळाला आपटते, धप्प होतं, नंतर दोन-तीनदा वरखाली होते. त्याला आम्ही "गाडी डुलते" म्हणतो.

सत्तरीचा टिप्परवाला

खाणी चालू होत्या तेव्हा आमच्याकडे एकच आवाज महत्त्वाचा, पाट्याचा. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. ट्रकला असतात, ओम्नीच्या मागेही होते. "पाटा बसला" म्हणजे कमान गेली, सपाट झाला. "पाटा तुटला" तर एकदाच कडाड् आणि गाडी एका बाजूला कलती. कुरकुर तर पाट्याची रोजचीच. ती बंद झाली की आम्ही उतरून बघायचो. हॅचबॅकवाल्यांना पाट्यांचे शब्द लावू नका, त्यांच्याकडे पाटेच नाहीत.

पर्वरीहून विचारतेय

डिकीत जॅक खरंच सुटा होता. फडक्यात गुंडाळून बसवला, बाबांची खुळखुळ गेली. आता उरलेलं, "कधी" सकट:

रंबलरवरून (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्यांवरून) दोन्ही चाकं एकदम गेली तर फारसं काही वाजत नाही. पण पर्वरीत पुलाच्या कामाने खणलेल्या रस्त्यावर, 20 च्या वेगाने, एकच चाक खड्ड्यात गेलं की डावीकडून हलकी खडखड. बारीक, पत्र्यासारखी नाही, जास्त टकटकीकडे झुकणारी. आणि दिवाडीला जाताना फेरीबोटीच्या फळीवर गाडी तिरकी चढते तेव्हा पुढून सावकाश कुरर्र. आईची कुरकुर हीच. मे महिन्यात जोरात होती, पाऊस सुरू झाल्यावर जवळजवळ बंद. मला वाटलं आपोआप बरी झाली.

फोंड्याचा गॅरेजवाला

ही खरी चिठ्ठी. आता सांगतो.

डावीकडची टकटक म्हणजे बहुतेक लिंक रॉड. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून. दोन्ही चाकं सारखीच वरखाली झाली तर त्याला काम नसतं, म्हणून तुमच्या रंबलरवर गप्प. एक चाक वर नि एक खाली गेलं की त्याला पीळ बसतो, आणि टोकाच्या रॉडचे बॉल झिजलेले असले की तो टकटकतो. पुढची दोन्ही चाकं उचलून रॉड हाताने हलवला तरी कळतं. रंबलरवर आणि खड्ड्यात दोन्हीकडे सारखाच वाजला असता तर मी आधी माउंटिंगकडे गेलो असतो.

कुरकुर रबराची. रबर सुकतं, लोखंडावर घासतं, ओलं झालं की गप्प. पावसाने दुरुस्त केलेलं नाही, नुसतं भिजवलंय. ऑक्टोबरात परत येईल. खात्री करायची असेल तर सुक्या दिवशी एकेका बुशवर बाटलीने पाणी मारा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर कुरकुर थांबली, तो बुश. मात्र कोणी "डिझेल मारून देतो, आवाज जाईल" म्हणालं तर मारू देऊ नका. दोन दिवस बरं वाटेल, नंतर रबर फुगून मऊ पडतं. सिलिकॉनचा फवारा चालतो. पण तडे गेलेत का हे टॉमी (लोखंडी पहार) लावून, बुश हलवूनच बघायला लागतं.

तुमच्या या दोन आवाजांना सवड आहे. पण एका आवाजाला नाही. चाक लोअर आर्मला जोडणारा खालचा बॉल जॉइंट ढिला होऊन खटका येत असेल, स्टिअरिंग सैल वाटत असेल, तर "पुढच्या सर्व्हिसला बघू" म्हणू नका. तो जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं.

डिचोलीचे मास्तर

"टकटकीकडे झुकणारी" हे उत्तम. मराठीत ध्वनिशब्दांच्या मधल्या जागा अशाच भरतात. पण चिठ्ठीत "कुरर्र" असं र लांबवून लिहू नका, "सावकाश, लांबणारी कुरकुर" लिहा. आणि बाई, "आपोआप बरी झाली" हेही खटकलं. आवाज बरा होत नाही, "बसतो". वारा बसला, धूळ बसली, तसा.

काणकोणात आलेला कोल्हापूरकर

मास्तर, गॅरेजात "आवाज बसला" म्हटलं तर गाणाऱ्याचा घसा वाटेल की हो. आमच्याकडं "आवाज मेला" म्हणतात.

सत्तरीचा टिप्परवाला

आमच्याकडे "आवाज गेला". पण मग हॉर्न गेला असं समजतात.

पर्वरीहून विचारतेय

चिठ्ठी अशी लिहिली: "पुढचं डावं चाक वाजतं. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर, कमी वेगात, बारीक टकटक. रंबलरवर नाही. गाडी तिरकी चढताना पुढून लांबणारी कुरकुर, सुक्या दिवसांत जास्त, पावसात कमी. ब्रेक लावताना काही नाही. डिकी तपासली आहे." एक शंका राहिली. बुश गेला, गेली की गेलं? आणि हे बदलल्यावर अलाइनमेंट करायला लागेल का?

फोंड्याचा गॅरेजवाला

आम्ही "बुश गेला" म्हणतो, दोन असले तर "बुश गेले". लिंक रॉड बदलला तर अलाइनमेंट नको. लोअर आर्म खोलून नवा बुश बसवला तर करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाईल आणि दोन महिन्यांनी घूंऽऽ घेऊन याल. रॉड दोन्ही बाजूंचे एकदम बदला, उजवा पण तितकाच जुना आहे.